नकाशात तारीख नसते

पुण्याच्या पूर्वेला हडपसर ओलांडलं की जमिनीची चौकशी पिकावरून होत नाही, रंगावरून होते. "तुमचं येलो का ग्रीन?" हा प्रश्न लग्नाच्या बैठकीत, दशक्रियेच्या घाटावर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही कानावर पडतो. येलो म्हणजे रहिवास विभाग, ग्रीन म्हणजे शेती विभाग. सात-बारावर ऊस असेल, सामायिक विहीर असेल, चार भावांची नावं असतील; भाव ठरतो तो झोन दाखल्यावर. बांधाच्या दोन्ही अंगांना माती तीच, पाटाचं पाणी तेच, आणि किमतीत मात्र कितीतरी पटींचा फरक. हा फरक कुणी खत घालून वाढवलेला नाही. कुठल्यातरी कार्यालयात एक रेघ ओढली गेली आणि तिच्या आत पिवळा भरला गेला, एवढंच.

त्या रेघा ओढणाऱ्यांच्या हाताखाली मी उमेदीची काही वर्षं काढली. विकास आराखडा करायचा तर आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा लागतो. कार्यालयात त्याला ईएलयू म्हणतात. नुकती शिकून बाहेर पडलेली आमच्यासारखी पोरं गावनकाशाची प्रिंट पुठ्ठ्याला लावून, गट नंबरांची यादी घेऊन उन्हातान्हात फिरायची. घर दिसलं की पिवळा, दुकान निळा, कारखाना जांभळा, शाळा-दवाखाना लाल, शेत हिरवा. काहीच दिसलं नाही तर कागद कोरा सोडायचा.

त्या कोऱ्या तुकड्यांशी माझं मन अजून अडकतं. गावात काहीच नसलेली जागा मला तरी कधी भेटली नाही. जिथे आम्ही काही भरलं नाही तिथे माघात कुस्त्यांचा आखाडा भरायचा. दुसऱ्या एका तुकड्यावर सुगी झाली की धनगरांची मेंढरं बसायची. आठवड्याचा बाजार भरतो ती जागा आम्ही बाजार नसलेल्या वारी पाहिली, म्हणून तीही कोरी. आणि ओढे! सर्वेक्षण नेहमी उन्हाळ्यात, कारण चिखल नसतो, चालायला बरं. मे महिन्यात ओढा म्हणजे करंजाच्या दोन झाडांमधली वाळूची पट्टी. कुणाला तो रस्ता वाटला, कुणाला पडीक जमीन. पुढे प्रस्तावित आराखडा बनतो तेव्हा शाळा, पार्किंग, बहुमजली घरं हे सगळं कुठेतरी बसवायचं असतं, आणि साहजिकच नजर पहिल्यांदा कोऱ्या जागेवर जाते.

फुरसुंगीच्या बाजूला एका विहिरीच्या काठावर एक म्हातारे गृहस्थ भेटले होते. पुठ्ठ्यावर वाकून त्यांनी स्वतःचा गट शोधून काढला, त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बाळा, तुमचा हा रस्ता हितनं जाणार, ही शाळा तिथं होणार, ते समजलं. पण कधी?" मी म्हटलं, "बाबा, वीस वर्षांचा आराखडा आहे. वीस वर्षांत कधीतरी." ते हसले. "मग मला कशाला इचारतो? माझ्या नातवाला इचार."

नगररचनेची पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं ते त्या एका वाक्यात होतं. आराखड्यात प्रत्येक तुकड्याला रंग असतो, क्रमांक असतो, प्रयोजन असतं. तारीख कशालाच नसते. पाणी आधी की घरं आधी, रस्ता आधी की मॉल आधी, हे नकाशा सांगत नाही. खरं शहर त्या न सांगितलेल्या क्रमात घडतं.

पुण्याचा स्वतःचाच हिशोब पाहा. स्वातंत्र्यानंतरचा पहिला विकास आराखडा १९६६ चा. दुसरा मंजूर झाला १९८७ च्या जानेवारीत. तिसरा मंजूर झाला २०१७ च्या जानेवारीत, म्हणजे बरोबर तीस वर्षांनी. आता गंमत अशी की या तिसऱ्या आराखड्याची मुदत २००७ ते २०२७ अशी छापलेली आहे. ज्या दिवशी त्यावर शासनाची मोहोर उमटली त्या दिवशी त्याचं अर्धं आयुष्य संपलेलं होतं. २००७ ला काम हाती घेतलं, प्रारूप आराखडा २०१३ ला लोकांसमोर आला, त्यावर ऐंशी हजारांहून जास्त हरकती आल्या, त्या ऐकणाऱ्या नियोजन समितीत एकमत झालं नाही, महापालिकेच्या हातून मुदत निसटली आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने आराखडाच ताब्यात घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवला. दरम्यान शहर थांबलं होतं का? २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या एकतीस लाखांवर गेली होती, शेजारच्या पिंपरी-चिंचवडची सतरा लाखांवर. ही माणसं मंजुरीची वाट पाहत रेल्वे फलाटावर बसलेली नव्हती. ती कुठेतरी राहायला गेली होती. आराखड्यात जिथे जागा नव्हती तिथेही गेली होती.

मुंबईकरांनी यावर हसू नये. त्यांच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ च्या फेब्रुवारीत आला, त्यात इतक्या चुका निघाल्या की दोन महिन्यांत मुख्यमंत्र्यांना तो रद्द करून पुन्हा करायला सांगावा लागला. नवा मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. पुण्याभोवतीच्या महानगर क्षेत्राची गोष्ट त्याहून पुढची. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, २०१५ मध्ये स्थापन झालं, सुमारे सात हजार चौरस किलोमीटरचा मुलूख त्याच्याकडे आला. प्रारूप आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, साठ हजारांहून जास्त हरकती आल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये शासनाने तो आराखडाच मोडीत काढला. त्या नकाशावर विसंबून ज्यांनी जमिनी घेतल्या, विकल्या, पोरीचं लग्न पुढे ढकललं किंवा उरकलं, त्यांचं काय झालं याची नोंद कुठल्याही अहवालात सापडायची नाही.

हरकतींच्या सुनावण्यांना मी बसलो आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे; प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर लोकांना तीस दिवस मिळतात. भिंतीवर नकाशे टांगलेले, लोक चष्मे सावरत स्वतःचा गट शोधतात, सापडला की मोबाइलवर फोटो काढतात आणि निघतात. बाकीच्या शहराकडे कुणी पाहत नाही. याला स्वार्थ म्हणायची फॅशन आहे. मला तो आरोप पटत नाही. ज्याच्या चार पिढ्यांची जमीन एका रेघेने बागेच्या आरक्षणात जाते त्याने दुसऱ्या टोकाच्या नदीची चिंता आधी करावी, ही अपेक्षा ज्यांची स्वतःची जमीन नाही अशांचीच असते. खटकतं ते वेगळंच. कायद्याने हरकत कुणीही घेऊ शकतो, पण प्रत्यक्षात येतो तो गट नंबर असलेला माणूस. भाडेकरू येत नाही. बांधकामावरचा मजूर येत नाही. ओढा वर अडवला तर खाली ज्याच्या घरात पाणी शिरेल तोही येत नाही, कारण त्याच्या घरावर नकाशात काहीच पडलेलं नसतं. पडायचं ते नंतर, पावसाळ्यात.

आरक्षण पडणं हा शब्दप्रयोग वीज पडण्याच्या चालीवर वापरतात, आणि ते रास्तच आहे. माझ्या आत्याच्या सासरी असं एक आरक्षण पडलं होतं, क्रीडांगणाचं. गाव सांगत नाही. जमिनीचा ताबा घेतला नाही, मोबदला दिला नाही, आणि बांधायला परवानगीही नाही. आत्याचे यजमान सुरुवातीला रोज तिथे चक्कर मारायचे, पुढे सोडून दिलं. कायद्यात यावर उतारा आहे: अंतिम आराखड्यानंतर दहा वर्षांत जमीन संपादन केली नाही तर मालकाने कलम १२७ ची नोटीस द्यायची, मग ठरावीक मुदतीत, आता ती चोवीस महिने आहे, प्राधिकरण हललं नाही तर आरक्षण व्यपगत होतं. काकांनी नोटीस दिली नाही. वकिलाची फी होती, आणि "सरकारच्या विरोधात कशाला" हा त्या पिढीचा संकोच होता. त्यांच्या पश्चात मुलांनी दिली, जमीन सुटली, आज तिथे दोन विंगांची सोसायटी आहे. खालच्या पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात आणि वॉचमन त्यांना हाकलतो. कुणाची बाजू घ्यायची, मला अजून ठरवता आलेलं नाही. काकांवर अन्याय झाला हे खरं, आणि त्या वस्तीला क्रीडांगण हवं होतं हेही खरं. वेळेवर पैसे टाकून जमीन घेतली असती तर दोन्ही सुटलं असतं. नकाशाने आकडा मांडला, अंदाजपत्रकाने तो वाचलाच नाही.

१९८७ च्या आराखड्यात एक वर्तुळाकार मार्ग दाखवला होता, छत्तीस किलोमीटरचा, नाव एचसीएमटीआर. शहराच्या पोटातून जलद सार्वजनिक वाहतूक फिरवायची, ही कल्पना त्या काळात खरंच दूरदृष्टीची होती. तो मार्ग २०१७ च्या आराखड्यातही आहे. रस्त्यावर मात्र कुठेच नाही. मेट्रो आली ती वेगळ्याच रेघेवर. त्या छत्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात ज्यांची घरं आहेत त्यांच्या दोन पिढ्या 'कदाचित' या क्रियाविशेषणात राहिल्या.

उलट जे झालं ते बरंचसं नकाशाबाहेर झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पेठांमधली, नदीकाठची माणसं एका दुपारीत बेघर झाली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वसाहती त्या पुरातून उभ्या राहिल्या. त्या वर्षांत पुण्याचा नकाशा कुण्या नगररचनाकारापेक्षा त्या पुराने जास्त बदलला, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. नव्वदच्या दशकाअखेरीस हिंजवडीत आयटी पार्क आलं. जमीन एमआयडीसीची, आजूबाजूला माण आणि हिंजवडीच्या ग्रामपंचायती, वाकडला पिंपरी-चिंचवडची हद्द संपते, नोकरीला येणारी माणसं निम्म्या पुण्यातून. संध्याकाळी सहाला तिथे अडकलेल्या माणसाने तक्रार करायची तर कुणाकडे, हे त्यालाच काय, अधिकाऱ्यालाही चटकन सांगता येत नाही. कार्यालयं बांधायला परवानगी देणाऱ्याने त्यांतली माणसं घरी कशी जातील हे पाहायचं नव्हतं, आणि ज्यांनी ते पाहायचं त्यांना परवानगी विचारलेली नव्हती.

आणि गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. धायरी, मांजरी, लोहगाव, कुठल्याही बाजूला जा, पिवळा रंग न लागलेल्या शेतात फक्कीच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले दिसत. रिक्षावाले, शिपाई, गिरणीतून उतरलेले कामगार, धुणीभांडी करणाऱ्या बाया, सगळ्यांनी ते घेतले. तुकडेबंदी कायद्यामुळे स्वतंत्र खरेदीखत होत नव्हतं, म्हणून साठेखत, नोटरी, नाहीतर दहा जणांचा सामायिक सात-बारा. तज्ज्ञ मंडळी याला अनधिकृत वाढ म्हणतात, आणि कागदोपत्री ती आहेच. पण वीस वर्षांच्या आराखड्यात ज्या उत्पन्नाच्या माणसाला परवडेल असं घर कुठेच नव्हतं, त्याने स्वतःचा आराखडा स्वतः केला. त्याचा आराखडा अंमलात आला, आमचा नाही. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा करावा लागला, आणि पुढे त्याची मुदतही वाढवावी लागली.

मग करायचं काय, असं कुणी विचारलं की मी मगरपट्ट्याचं नाव घेतो, आणि लगेच थोडा सावधही होतो. हडपसरजवळच्या सव्वाशेच्या आत-बाहेर शेतकरी कुटुंबांनी, सतीश मगर यांच्या पुढाकाराने, चारशे एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि बिल्डरला विकण्याऐवजी स्वतःच शहर बांधलं. काम २००० च्या सुमारास सुरू झालं. शेत गेलं तरी मालकी गेली नाही, ही मोठी गोष्ट. सावध अशासाठी की ती बहुतेक एका भावकीची जमीन होती, माणूस विश्वासाचा मिळाला होता, आणि त्या शेतांवर राबणाऱ्या मजुरांना हिस्सा कुठून असणार? शिवाय वेशीवर फाटक आहे. चांगला नमुना आहे, पण सगळीकडे पेरता येणारं बियाणं नव्हे.

त्यामागची कल्पना मात्र फार जुनी आहे आणि ती आपल्या कायद्यात १९१५ पासून पडून आहे. मुंबई प्रांताच्या त्या वर्षीच्या नगररचना कायद्याने टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, आणली. घरच्या वाटणीसारखा प्रकार: सगळ्यांच्या जमिनी एकत्र मांडायच्या, रस्ता, बाग, शाळा यांसाठी प्रत्येकाकडून थोडं थोडं घ्यायचं, आणि उरलेलं नीट आखून प्रत्येकाला परत द्यायचं. एकावर सगळं आरक्षण पडायचं आणि शेजारी फुकट श्रीमंत व्हायचा, हे त्यात होत नाही. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर होताना अशीच योजना झाली. पुढे लवादांपुढे योजना वर्षानुवर्षं कुजू लागल्या, महाराष्ट्राने आराखड्यावर आणि टीडीआरवर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क) भर दिला आणि टीपी जवळपास विसरली. गुजरातने ती सोडली नाही. अहमदाबादचा शहात्तर किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड झाला तो बराचसा टीपी स्कीममधून जमीन मिळवून. आपल्याकडे पीएमआरडीएने माण-म्हाळुंग्यात ती पुन्हा काढली आहे, शेतकऱ्याला निम्मी जमीन विकसित करून परत. मला विचाराल तर शंभर गावांवर एकदम रंग फासण्यापेक्षा दोन गावांत अशी वाटणी पुरी करून दाखवावी. लहान योजनेला निदान तारीख घालता येते.

तारखेचं एवढं का, ते सिंहगड रस्त्यावर कळतं. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही गावं ३० जून २०२१ ला महापालिकेत आली, तेवीस गावांच्या यादीत. धायरी त्याआधी, २०१७ ला आली होती. तेवीस गावांचा आराखडा आणि बांधकाम परवानगी तेव्हा पीएमआरडीएकडे दिली गेली, पाणी आणि ड्रेनेजची अपेक्षा मात्र महापालिकेकडून होती. इमारती भराभर चढल्या. २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले, पाण्यावर संशय गेला, आणि बाकीच्या पुण्याला तेव्हा कळलं की इथले लोक विहिरीचं पाणी पितात. शुद्धीकरण प्रकल्पाचं नव्हे. आणि धरण कुठे? खडकवासल्याची भिंत गच्चीवरून दिसते. आधीच्या वर्षी, २५ जुलै २०२४ च्या पहाटे, त्याच धरणातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं. म्हणजे धरणाचं पाणी घरात आलं, नळात आलं नाही. पेशवाईचे गोडवे गाण्याचा मला कंटाळा आहे, पण नानासाहेबांच्या काळी कात्रजहून नळ टाकून पाणी गावात आणलं होतं, गावातले कितीतरी हौद त्या पाण्याचे. तेव्हा क्रम कळत होता.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर २०१७ ला पालिकेत आल्या आणि २०२४ मध्ये बाहेरही पडल्या, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. एवढ्या काळात त्यांच्या जमिनी किती नकाशांत कुठल्या रंगात होत्या, हे पाठ म्हणून दाखवणारी माणसं तिथल्या चहाच्या टपरीवर बसलेली असतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांना माझ्याहून जास्त येतं.

आता २०२७ जवळ आलं आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याची मुदत संपेल, फेरआखणीचा इरादा जाहीर होईल, आणि पुन्हा नवी पोरं बाहेर पडतील. या वेळी पुठ्ठा नसेल, टॅबलेट असेल, वरून ड्रोन असेल, गट आपोआप उमटतील. चांगलं आहे. माझी मागणी साधी आहे. सर्वेक्षण उन्हाळ्यात करू नका, श्रावणात करा, म्हणजे ओढे कुठे आहेत ते बुटांनाच कळेल. सोबत पाटबंधारे खात्याचा माणूस न्या आणि निळी व लाल पूररेषा इतर सगळ्या रंगांच्या आधी भरा. बाजाराच्या वारी बाजार पाहा. आणि प्रस्तावित नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे रंगांची सूची छापतात, तिथे आणखी एक रकाना वाढवा: जलवाहिनी कुठल्या साली, रस्ता कुठल्या साली, पैसे कुठल्या अंदाजपत्रकातून. ते साल चुकलं तर चुकलं. निदान त्यावर हरकत घेता येईल, आणि ती घ्यायला गट नंबर लागणार नाही.